नात्याचा रकाना

झाशी, १८ डिसेंबर २०१२

चि. कमल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला टाकशील. टाक, पण फाडू नकोस. फोन केला तर माझा आवाज ऐकताच तू ठेवून देतेस, गेल्या आठवड्यात तीनदा ठेवलास. पत्र मात्र तुला पुन्हा उचलून वाचता येतं. आशीर्वाद लिहीत नाही. अकरा वर्षांनी माझे आशीर्वाद तुला हवेत की नकोत, ते मला कसं कळावं?

आधी कामाचं लिहिते. दादाचे काही कागद तुझ्याकडे आहेत. शाळा सोडल्याचा दाखला आणि वर्कशॉपचं जुनं ओळखपत्र. तो घर सोडून गेला तेव्हा पोलिसांना दाखवायला तू ते घेतले होतेस आणि मग तसेच इंदूरला नेलेस. ते मला रजिस्टर पोस्टाने पाठव. ९ जानेवारीच्या आत हवेत. कशाला, ते विचारू नकोस.

एवढंच लिहून थांबणार होते. पण तू म्हणशील, बाईनं अकरा वर्षांनी तोंड उघडलं ते कागद मागायला. आणि खरं सांगायचं तर मला कुणाशी तरी बोलायचं आहे. मी फार घाबरले आहे, कमल. जेवण जात नाही.

शाळेतली कारकुनी संपल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, मी ओरछा गेटजवळच्या रैनबसेऱ्याची व्यवस्थापिका आहे. ज्यांना घरदार नाही ती माणसं तिथे झोपतात, आजारी असतील ती दिवसाही पडून असतात. इमारत नगर निगमाची, चालवते आमची समिती, आणि चालवायला अनुदान निगम देतं. रजया त्यातून, चौकीदार हल्केराम त्यातून, दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टर शकुंतलाजी आणि त्यांची औषधंही त्यातूनच. सध्या बेचाळीस माणसं आहेत. बायकांच्या खोलीत गरौठ्याची चंपा आहे, तिला आठवा लागलाय. डॉक्टरीणबाई दर गुरुवारी तिच्या पोटाला कान लावतात आणि ती दर गुरुवारी लाजते.

आता माझा प्रताप ऐक. नोव्हेंबरच्या शेवटी वरच्या हॉलची खिडकी निखळून पडली. थंडी अशी की तोंडातून वाफ. म्हणून वरचे अकरा जण मी तळमजल्याच्या खोलीत हलवले. रजिस्टरात पलंगाचा नंबर, नाव, अंगठा आणि शेवटी शेरा असे रकाने आहेत. नाव आणि अंगठा होता तिथेच ठेवला, आणि शेऱ्यात, ही माणसं कुठे झोपलीत ते कळावं म्हणून, मी लिहिलं, ‘खाली’. अकरा ओळींत अकरा वेळा. एकोणीस दिवस.

हसलीस? मला हसू आलं नाही. निगमातून रमाकांत बाबू तपासणीला आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, “मैडम, ग्यारह पलंग उन्नीस दिन से खाली पड़े हैं, तो ये अंगूठे किसके हैं?” मी म्हटलं, “खाली नहीं बाबूजी, खाली! मतलब... खाली!” आणि बोटाने जमीन दाखवली. त्यांना वाटलं मी त्यांना खाली बसायला सांगते आहे. चेहरा लालबुंद झाला त्यांचा.

अठ्ठावन्न वर्षं या गावात काढली. शाळेत हिंदी, बँकेत हिंदी, भाजीवाल्याशी भांडण हिंदीत. पण हात भराभर चालायला लागला की तो आईच्या भाषेत लिहितो. ‘नीचे’ एवढा एक शब्द सुचू नये? रमाकांत बाबूंना मी परोपरीने समजावलं. माणूस वाईट नाही, पण त्यांच्यासमोर कागद आहे आणि कागदावर माझ्या हाताने लिहिलंय की पलंग रिकामे होते. वर पूर्ण हजेरी लावलीय. याला ते लोक ‘फर्जी’, म्हणजे बनावट, म्हणतात.

९ जानेवारीला ते परत येणार. अकराच्या अकरा जण समोर उभे करायचे, ज्याच्याकडे असेल त्याने ओळखीचा कागद दाखवायचा. तोपर्यंत अनुदान बंद. समितीचे सेक्रेटरी शिवाजीराव म्हणाले, “अंबिकाबाई, नऊ तारखेला घोळ झाला तर एक फेब्रुवारीला कुलूप.” अकरांपैकी एक जण चांगलाच आजारी आहे.

दादाच्या कागदांचा याच्याशी काही संबंध नाही. ते मला वेगळ्या कामाला हवेत.

अंबिका


झाशी, २६ डिसेंबर

चि. कमल,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमनला रोज विचारते. तोही आता मला पाहिलं की लांबूनच मान हलवतो.

मागच्या पत्रात शेवटची दोन वाक्यं खोटी होती. मला नीट खोटं बोलता येत नाही, आणि तरी मी ते आयुष्यभर करत आले.

त्या आजारी माणसाबद्दल लिहिते. ऑक्टोबरच्या शेवटी हल्केरामने त्याला रिक्षातून आणला. स्टेशनाबाहेर पडला होता. दाढी छातीपर्यंत, अंगात फक्त हाडं, आणि खोकला असा की दुसऱ्या टोकाची माणसं उठून बसावीत. मी रजिस्टर उघडून विचारलं, “नाम?” तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “रामसेवक.” गाव? “गरौठा.” बाप का नाम? “अब क्या करेंगी जान के.” मी लिहून घेतलं. रामसेवक, गरौठा. अक्षर चांगलं आलं.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी थुंकी तपासायला पाठवली. टी.बी. निघाला. सरकारी औषधाचा एक डबा येतो, सहा महिन्यांचा, त्यावर रोग्याचं नाव लिहिलेलं असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सात गोळ्या. त्या त्याने माझ्यासमोर गिळायच्या आणि मी कार्डावर खूण करायची. एकही चुकवायची नाही. मध्येच सोडलं तर पुढे हे औषधच लागू पडत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला दटावून सांगितलंय. म्हणजे रैनबसेरा बंद झाला तर बाकीच्यांचं छत जाईल आणि या माणसाचा जीव जाईल. स्टेशनाबाहेर पडलेल्याला सोमवारी कोण गोळ्या देणार आणि बुधवारी कोण?

बारा नोव्हेंबरपासून आठवड्यातून तीनदा तो माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसतो. मी म्हणते, “लो रामसेवक, पानी.” तो म्हणतो, “लाइए मैडम जी.” गोळ्या गिळतो, रिकामा ग्लास पालथा घालतो आणि जातो. आम्ही याहून जास्त काही बोलत नाही.

गेल्या आठवड्यात हल्केरामने सगळ्यांना चहा दिला. रामसेवकच्या हातून कप कलंडला, उकळता चहा मांडीवर सांडला, आणि तो कळवळून ओरडला, “आई गं!” कुणी बाई आली असं वाटून हल्केराम बिचारा दारापर्यंत जाऊन बघून आला. “को आई, कक्का? इतै तो कोऊ नईंयां.” सगळे हसले. मी रजिस्टरात मान घातली ती वर काढली नाही.

तुला केव्हाच कळलं असेल. मला मात्र अजून हे कागदावर लिहायला भीती वाटते, जणू लिहिलं की तो जाईल. कमल, तो दादा आहे. आपला जनार्दन.

मी पहिल्या मिनिटाला ओळखलं होतं. त्यानेही.

म्हणून कागद हवेत. नऊ तारखेला तो खऱ्या नावाने उभा राहिला तर रजिस्टरातलं नाव खोटं ठरतं, आणि व्यवस्थापिकेने आपला सख्खा भाऊ भरती केला होता हेही बाहेर येतं. खोट्या नावाने उभा राहिला तर त्याच्याजवळ कागदाचा कपटाही नाही. काय करावं सुचत नाही. निदान कागद हाताशी असू देत. पाठव.

अंबिका


झाशी, २ जानेवारी २०१३

चि. कमल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ. ‘तो गेला की तू घालवलास, एवढं सांग, मग कागदांचं बघू.’

तो गेल्यावर तू आलीस तेव्हा त्याला शोधत चार दिवस फिरलीस. स्टेशन, धर्मशाळा, ओरछ्याचा घाट. पायाला फोड आले होते तुझ्या, मी हळद लावून दिली होती. आणि दर संध्याकाळी तू विचारायचीस, “ताई, तो जाताना काही बोलला का गं?” आणि मी सांगायचे, “नाही, मी झोपले होते, सकाळी बघते तर दार उघडं.”

मी झोपले नव्हते. त्या दिवशी तो भर दुपारी पिऊन आला. विडी पेटवली आणि तशीच हातात घेऊन कलंडला. गादी पेटली. मी बादल्या ओतून विझवली, हाताला अजून डाग आहे. तिसरी वेळ होती ती. वहिनी गेल्यापासून तो माझ्याकडे राहत होता आणि मी चार वर्षं घरात झोपताना पाण्याची बादली उशाशी घेऊन झोपत होते. तो शुद्धीवर आला तेव्हा मी त्याची पिशवी भरली, पायरीवर ठेवली आणि आतून कडी लावली. तो दार वाजवत होता. शिव्या नाही दिल्या गं. “अंबे, उघड ना, चप्पल आत राहिली,” एवढंच म्हणत होता. मी उघडलं नाही. अर्ध्या तासाने वाजायचं थांबलं.

दोन दिवसांत येईल परत, असं मला वाटलं होतं. आला असता तर मी उघडणार होते. खरंच उघडणार होते.

हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. तू अनवाणी माणसाला शोधलं असतंस, कदाचित सापडला असता. पण तू माझ्याकडे कशी बघशील, याची मला भीती वाटली. मी दुष्ट नाही, कमल, मी भित्री आहे. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्यातला फरक कळत नाही.

तू म्हणशील, मग आता घरी का नेत नाहीस? परवा सोमवारी गोळ्या देताना धीर केला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हटलं, “दादा, घरी चल.” मराठीत. त्याने ग्लास ठेवला. “मैडम जी, आप किसी और को समझ रही हैं,” म्हणाला. मग उठला. स्टुलाला धरून जरा थांबला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “जहाँ से एक बार निकले, वहाँ दुबारा क्या जाना. यहाँ ठीक है. यहाँ दरवाज़े में कुंडी नहीं है.”

खरंच नाही. रैनबसेऱ्याच्या दाराला आतून कडी ठेवायची नाही, असा नियम आहे.

शिवाजीरावांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. अकरांपैकी सहा जणांचे कागद गोळा झालेत. बाकी पाचांकडे काही नाही. त्यांच्यासाठी रमाकांत बाबूंनी एक मसुदा पाठवलाय. मी लिहून द्यायचं की ही माणसं इथे राहतात हे मी स्वतः पाहिलंय, आणि शेवटी, ‘इनमें से कोई मेरा नातेदार नहीं है.’ मागे कुठल्याशा संस्थेने आपलेच मामेभाऊ बेघर म्हणून दाखवले होते, तेव्हापासून ही ओळ घालतात. ती ओळ मी दिवसातून दहा वेळा वाचते. पाठ झाली.

कागद पाठवलेस तर मी त्या पाचांतून त्याला वगळू शकेन आणि खरं काय ते सांगून टाकेन. नाही पाठवलेस तर काय करेन, माझा मलाच भरवसा नाही.

अंबिका


झाशी, ९ जानेवारी, बुधवार

कमल,

कागद आले. आजच, दुपारी अडीच वाजता. तू पाठवलेस, त्यासाठी तुझ्या पाया पडावंसं वाटतं, मोठी असले तरी. पण रमाकांत बाबू साडेअकराला येऊन गेले होते.

जसं झालं तसं सांगते. काळोख पडावा तसं धुकं होतं, समोरचं गेट दिसत नव्हतं. अकरा जण अंगणात रांगेत. सकाळपासून कुणी कामाला गेलं नाही, एका दिवसाची मजुरी बुडवून थांबले. परमलाल कुबडीवर उभा होता. दादाला ताप होता, तरी त्याने दाढी विंचरली होती. रमाकांत बाबूंबरोबर एक नवे साहेब होते, तरुण, कान मफलरने बांधलेले. ते एकेकाचं नाव घेत, तोंड बघत, खूण करत. सगळं सरळ चाललं होतं. मी त्यांना वरची खिडकी दाखवली, खालची खोली दाखवली. साहेब हसले. म्हणाले, “अच्छा, तो मराठी वाला खाली!” त्यांच्या हसण्याने माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, सुटलो.

मग दादाचा नंबर आला. “रामसेवक, गरौठा.” तो पुढे झाला. साहेबांनी विचारलं, “गरौठा में किस मोहल्ले के?” दादाला सांगता येईना. गरौठ्याला तो आयुष्यात कधी गेला असेल तर देव जाणे. तो खोकायला लागला. साहेबांनी रुमाल नाकाला लावला, एक पाऊल मागे सरले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मैडम, आप इनको यहाँ आने से पहले से जानती हैं?”

सरळ प्रश्न होता. सगळे माझ्याकडे बघत होते. शिवाजीराव, हल्केराम, दारात पोटावर हात ठेवून उभी असलेली चंपा. माझ्या मनात कुलूप आलं. हो म्हटलं तर आता, याच अंगणात सगळं संपतं, असं वाटलं. त्या बेचाळीस जणांच्या मागे मी लपले, हेही तितकंच खरं. मी म्हटलं, “जी नहीं.”

“कोई रिश्तेदारी?”

“जी नहीं.”

दादा खाली बघत होता. मग त्याने मान वर केली आणि साहेबांना म्हणाला, “हम इनके कौन लगेंगे साहब? बड़ी मेहरबान हैं, दवाई देती हैं.” साहेब समाधानाने हसले. मी टेबलावर बसून मसुद्यावर सही केली. तीच ओळ, माझ्या सुवाच्य अक्षरात. रमाकांत बाबू जाताना म्हणाले, “अगले शुक्रवार तक आदेश निकल जाएगा. अब ‘नीचे’ लिखिएगा, मैडम.”

शिवाजीरावांनी पेढे मागवले. आज बुधवार, म्हणून दुपारी दादा गोळ्या घ्यायला आला. पेढा मी त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो घेतला नाही. गोळ्या मात्र सातच्या सात घेतल्या. मग म्हणाला, “ठीक बोलीं आप, मैडम जी.” यात टोमणा नव्हता गं. असता तर बरं झालं असतं. तो मनापासून माझी समजूत घालत होता.

तासाभराने पोस्टमन तुझं पाकीट घेऊन आला. दाखल्यावर बाबांची सही आहे. मी ते कागद ट्रंकेत तळाशी ठेवलेत आणि ट्रंकेकडे पाठ करून बसले आहे.

अंबिका


झाशी, १३ जानेवारी, रविवार, संध्याकाळ

कमल,

दुपारपासून तुला सहा वेळा फोन लावला. तू उचलला नाहीस, तुझी चूक नाही, मीच तशी सवय लावली. हे पत्र शिवाजीरावांचे जावई घेऊन येताहेत. ते आजच्या गाडीने इंदूरला निघालेत, उद्या सकाळी तुझ्या दारात उभे राहतील. पत्र वाचून होईपर्यंत त्यांना बसवून ठेव आणि चहा दे.

दादा हॉस्पिटलात आहे. जिवंत आहे.

सकाळी हल्केरामने निरोप पाठवला, कक्काला श्वास घेता येत नाही. मी गेले तेव्हा तो बसूनच होता, आडवा होता येत नव्हतं, ओठ निळे. रिक्षात घातला. हॉस्पिटलात एक पोरगेलासा डॉक्टर होता. फोटो काढून म्हणाला, छातीत पाणी भरलंय, आत्ताच्या आत्ता नळी घालून काढावं लागेल. मग फॉर्म पुढे केला. “इनका कोई अपना है? दस्तखत चाहिए.” मी म्हटलं, मी रैनबसेऱ्याची व्यवस्थापिका, मी करते सही. तो म्हणाला, “नहीं आंटी, संस्था वालों का नहीं चलता. कोई सगा हो तो अभी कर देंगे. नहीं तो बड़े साहब की मंजूरी लगेगी. आज इतवार है, मैं फोन लगा रहा हूँ, पर उठ नहीं रहा.”

फॉर्मवर एक रकाना होता. ‘मरीज से रिश्ता.’

चार दिवसांपूर्वीची सही माझ्या डोळ्यांसमोर आली. दोन कागद, दोन्हींवर माझंच नाव, आणि एक दुसऱ्याला खोटं पाडणारा. कमल, मी लगेच लिहिलं, असं तुला सांगायला मला फार आवडलं असतं. नाही लिहिलं. पेन हातात घेऊन उभी राहिले. चंपाचा विचार केला, परमलालचा केला. खरं तर माझा केला. खोटी सही केली म्हणून पोलीस घरी येतील, गल्लीतली माणसं खिडक्यांतून बघतील. आणि तिकडे पडद्यामागे त्याचा श्वास ऐकू येत होता, आत ओढला की शीळ वाजल्यासारखा. मध्येच तो थांबला. एक क्षणभर काहीच ऐकू आलं नाही.

मी लिहिलं, ‘सगी बहन’. रोग्याच्या नावावर काट मारली आणि लिहिलं, जनार्दन, वडील वामन, राहणार झाशी. अक्षर इतकं वाईट आलं की डॉक्टरने मला ते वाचून दाखवायला सांगितलं. मी मोठ्याने वाचलं.

दोन बाटल्या भरून पाणी निघालं. चार वाजता ओठांचा रंग परत आला. पण ताप आहे, अजून काही सांगता येत नाही म्हणतात.

शिवाजीराव आले होते. त्यांना सगळं सांगितलं. बराच वेळ ते मफलर सोडत होते आणि बांधत होते. मग म्हणाले, “अंबिकाबाई, हॉस्पिटलातला कागद निगमात कोण बघतो? शुक्रवारी आदेश निघू द्या, तोवर गप्प बसा.” त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. ते बेचाळीस माणसांसाठीच बोलत होते. पण औषधाच्या डब्यावर रामसेवक आहे आणि इथल्या केसपेपरवर जनार्दन. गोळ्या चालू ठेवायच्या तर डॉक्टरीणबाईंना दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं लिहून द्यावं लागणार. आज ना उद्या ते कागद एकमेकांना भेटतील. निगमाला मग ते दुसऱ्याकडून कळलं तर अकराच्या अकरा जण खोटे ठरतील. मी आपण होऊन सांगितलं तर कदाचित मी एकटी जाईन आणि बाकीचे राहतील. कदाचित. रमाकांत बाबू ऐकून घेतील की फाइल फेकतील, कुणी सांगावं? बुधवारी जायचं ठरवलंय. शुक्रवारनंतर मी कधीच जाणार नाही, मला मी माहीत आहे.

पाच वाजता दादाने डोळे उघडले. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला कागद त्याने बघितला, त्यावरचं नाव हळूहळू वाचलं. मला वाटलं, आता तो रडेल, किंवा मला जवळ बोलावेल. तो चिडला गं. नाकात नळी, छातीत नळी, आणि डोळ्यांत राग. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलला. म्हणाला, “हे काय केलंस, अंबे? आता ती बाकीची कुठे जातील?”

मी त्याच्या पायावर रजई ओढली तर त्याने पाय मागे घेतला. मग पुन्हा विचारलं, “कुठे जातील?” आणि विचारता विचारता त्याला झोप लागली.

इथे रोग्याजवळ घरचं माणूस लागतंच. औषधं आणायची, नळीची बाटली बघायची, जागं राहायचं. मी उठले तर कुणी नाही, आणि मी उठले नाही तर निगमात जाणं होणार नाही. मग मला बसून राहायला चांगलं कारण मिळेल आणि मी बसूनच राहीन. मला तेवढी एक भीती सगळ्यात जास्त वाटते.

माफ कर असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव, सावकाश ठरव. घरी रघुनाथरावांना विचार आणि मंगळवारच्या गाडीत बस. बुधवारी दहा वाजता मला निगमात पोचायचं आहे, तेवढा वेळ दादाजवळ येऊन बस.

तुझी ताई